ग्रहणातलं कातणं

आवडाबाई भाऊबीजेसाठी सोयगावहून आल्या, तेव्हा फराळाचा डबा त्यांनी एसटीत मांडीखाली ठेवला होता आणि पंचांग मात्र छातीशी धरलं होतं. दोन हजार बावीसची ती दिवाळी. लक्ष्मीपूजन झालं आणि दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, सूर्यग्रहण आलं. पावणेपाचच्या सुमारास लागणार आणि लागलेलंच मावळणार. म्हणजे सुटलेलं काही कुणाला दिसणार नाही, म्हणून आवडाबाईंच्या हिशोबानं दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्य पाहिल्याशिवाय घरात चूल पेटायची नव्हती.

दुपारी तीनलाच त्यांनी पुंडलिकनगरातल्या भावाच्या त्या छोट्या घराचा ताबा घेतला. पाण्याच्या माठात तुळशीचं पान, दुधात तुळशीचं पान, लोणच्याच्या बरणीवरही एक पान. करंज्यांसाठी भिजवून ठेवलेली कणीक ओल्या फडक्याखाली होती, तिच्यावरही पान पडलं. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि भाचीला म्हणाल्या, "ऊठ गं प्रेरणा. त्या कोपऱ्यात बस. नारळ घे मांडीवर. काही कापायचं नाय, शिवायचं नाय, झोपायचं नाय, नखं खायची नायत."

प्रेरणाला पाचवा महिना संपत आला होता. ती पहिल्या दिवाळसणापेक्षाही जास्त हौसेनं माहेरी आली होती आणि आल्यापासून तिला एकच हुक्की होती, गच्चीवर जाऊन ग्रहण पाहायचं.

"आत्या, मी काय चोरी केली का? मला कोंडायलात कामून?"

"कोंडत नाय बाई, झाकून ठेवायले."

"मग लोणच्यासारखं माझ्यावर पण एक पान ठेवा की, झालं."

आवडाबाई हसल्या नाहीत. पण प्रेरणाला खरी टोचली ती दुसरीच गोष्ट. खिडकीला जाड चादर ठोकायला हातोडी घेऊन स्टुलावर चढली होती ती तिची आई, आशाबाई. तोंडात दोन खिळे धरून ती चादरीच्या कडा घट्ट ओढत होती. उजेडाची एक रेघसुद्धा आत येणार नाही, याची तिला आवडाबाईंपेक्षा जास्त काळजी होती.

रामकिसन दारात उभे होते. हातात पुस्तक होतं, बोट पानात अडकवलेलं. पण गेल्या तासाभरात पान उलटलं नव्हतं. शर्टाच्या खिशात एक घडी घातलेला कागद होता. सहा दिवसांपासून तो तिथंच होता. शर्ट बदलला की कागद नव्या शर्टात जाई. त्यांनी तो काढून कुणाला दाखवला नव्हता. दाखवायचा म्हटलं की मनात येई, आपलीच मोजणी चुकली असली तर?

खरं तर मोजणी हा त्यांचा जन्माचा धंदा. वाळूजच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. लोखंडाचा तुकडा हातात घ्यायचा, माप लावायचं, बरोबर असला तर पुढं, नसला तर बाजूला. बाजूला पडलेल्या तुकड्यावरून खाली रोज भांडणं लागत. लेथवाला म्हणे ड्रिलवाल्यानं बिघडवलं, ड्रिलवाला म्हणे लेथवाल्यानं. रामकिसन भांडणात पडत नसत. ते फक्त तारीख लावत. चिठ्ठी काढायची, तुकडा कुठल्या दिवशी कुठल्या मशीनवर होता ते बघायचं. ज्या मशीनवर तो तोवर गेलाच नाही, त्या मशीनचा दोष असूच शकत नाही. एवढं साधं. मोठ्या आवाजात बोलणारे सगळे त्या चिठ्ठीपुढं गप्प होत.

आणि हाच माणूस स्वतःच्या घरात सत्तावीस वर्षं तारीख लावायची विसरला होता.

ती दिवाळी पंच्याण्णवची. तीही अशीच, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण, फक्त सकाळचं. तेव्हा ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. आशाबाईला पाचवा महिना चालू होता. दुसऱ्या दिवशीपासून माणसं यायची होती आणि करंज्या कमी पडल्या होत्या. कणीक भिजलेली, सारण तयार. पण आशाबाई हात बांधून बसली होती. "ग्रहण सुटू द्या," म्हणाली.

रामकिसन तेव्हा पस्तिशीचे. लाजरे तेव्हाही होते, पण बायकोपुढं थोडे कमी. आठवडाभर त्यांनी ग्रहणावर मिळेल ते वाचून काढलं होतं. ते तिच्याजवळ पाटावर बसले, तिच्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या अलगद उतरवल्या आणि एकीत एक अडकवल्या. एक आडवी धरली. "ही सूर्याची वाट." दुसरी तिच्यातच किंचित कलती केली. "आणि ही चंद्राची. बघ, वाटा दोन. चंद्र दर अमावास्येला सूर्याच्या बाजूला येतो, पण वाट कलती म्हणून कधी वरून जातो, कधी खालून. सावली आपल्यावर पडत नाही. या बांगड्या एकमेकींना फक्त दोन ठिकाणी छेदतात. अमावास्या नेमकी तिथं आली, की चंद्र सूर्याच्या बरोबर आड येतो. झालं ग्रहण."

"आन् राहू-केतू?"

"ही दोन ठिकाणंच. जुन्या लोकांनी त्यांनाच नावं दिली. राक्षस नाहीत गं, दोन वाटांचे चौक आहेत."

"पण एवढासा चंद्र एवढ्या सूर्याला झाकतो कसा?"

त्यांनी तिचाच अंगठा धरून तिच्या डोळ्यापुढं नेला आणि बल्ब झाकून दाखवला. चंद्र सूर्याहून चारशे पट लहान, पण जवळजवळ चारशे पटच जवळ. म्हणून दोन्ही सारखे दिसतात. आशाबाई एक डोळा मिटून किती तरी वेळ अंगठा मागंपुढं करत राहिली. मग हसली. "मग घालू करंज्या?"

"घाल की. काही होत नसतं."

तिनं करंज्या घातल्या. दारातला उजेड मळक्या पिवळ्या रंगाचा झाला होता आणि खाचेदार चाकाचं पितळी कातणं करंजीच्या कडेवरून किरकिर फिरत होतं. चुकून जास्तीची कणीक कापली गेली की ती त्यांच्या तोंडात कोंबायची. त्या सकाळइतकं ते दोघं पुन्हा कधी हसले की नाही, रामकिसनना आठवत नव्हतं.

मार्चच्या बारा तारखेला प्रेरणा झाली. वरचा ओठ मधून दुभंगलेला.

सरकारी दवाखान्यातल्या खाटेपाशी आवडाबाईंनी बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं, पुन्हा झाकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गिराणात काय कापलंस गं?"

आशाबाई म्हणाली, "करंज्या."

एवढं म्हणून तिनं नवऱ्याकडं पाहिलं. फक्त एकदा. रामकिसननी खाली फरशीकडं पाहिलं. फरशीला एक तडा होता, तो अजून त्यांच्या डोळ्यांपुढं होता. त्या क्षणी त्यांच्या मनात आलं, पुस्तक लिहिणाऱ्याला काय माहीत? आपल्याला तरी काय माहीत? आपण कोण लागून गेलो? आणि 'काही होत नसतं, असं मीच म्हणालो होतो' हे वाक्य त्यांनी गिळलं. आशाबाईनंही ते कधी बाहेर काढलं नाही. सासू बोलली, जावा बोलल्या, सोयगावच्या लग्नामुंजीत बाया बोट दाखवत, "हिनं गिराणात कातणं फिरवलं होतं." ती मान खाली घाले. प्रेरणाच्या ओठाला टाके पडले, ओठ जुळला, पुढं शिकली, लग्न झालं, आता नाकाखाली नुसती एक पांढरी रेघ उरली होती. पण आशाबाईनं त्या दिवसानंतर कातण्याला हात लावला नाही. त्यांच्याकडं सत्तावीस वर्षं हातानं मुरड घातलेल्या करंज्या होत होत्या. नातेवाईक तिच्या मुरडीचं कौतुक करत. "काय नाजूक हात आहे आशाचा!" कातणं रामकिसननी आपल्या हत्यारांच्या पेटीत, मापाच्या पट्ट्यांखाली ठेवलं होतं. टाकून द्यायचा धीर झाला नाही, वर काढायचाही नाही.

आणि मग सहा दिवसांपूर्वी प्रेरणा सोनोग्राफी करून आली. जेवताना सहज म्हणाली, "मी डॉक्टरीणबाईंना आधी ओठच विचारला. त्या म्हणाल्या, नीट आहे, घाबरू नका. म्हणाल्या, ओठ आता बिघडायचा नाही, तो दुसऱ्या महिन्यातच जुळून झालेला असतो. कित्येक बायकांना दिवस गेलेत हे नीट उमगायच्या आत."

रामकिसनचा घास हातातच राहिला. दुसऱ्या महिन्यात. ते उठले, हात धुतला आणि जुना जन्मदाखला काढून हिशोब मांडायला बसले. बारा मार्चपासून मागं. तीन वेळा मांडला, तीनही वेळा तेच आलं. तोच कागद खिशात.

आता आतल्या खोलीत हातोडीचा शेवटचा ठोका पडला आणि खोली काळीमिट्ट झाली.

"आई, खरंच नको ना," प्रेरणा अंधारातून म्हणाली. "मला गुदमरायलं. डॉक्टरांनी सांगितलंय सगळं ठीक आहे."

"डॉक्टरांनी मंगळवारचं गिराण बघून सांगितलं का?" आवडाबाई म्हणाल्या. "तुझ्या आईनं एकदा ऐकलं नाय. त्याचं काय झालं, ते रोज आरशात बघतीस ना?"

 मग प्रेरणाचा आवाज आला, पण तो आत्याला नव्हता.

"आई. तू खरंच मानतेस? माझा ओठ तू कापलास असं?"

आशाबाई स्टुलावरून उतरत होती. ती तिथंच, एक पाय वर एक खाली, थांबली. "मानते," म्हणाली. "रोज मानते. तुला टाके घालताना तू रडत होतीस, तेव्हापासून."

रामकिसनच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. त्यांनी ते उचललं नाही.

"मी सांगितलं होतं तिला," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की आवडाबाई म्हणाल्या, "काय म्हणतोस?"

"करंज्या घाल असं मी सांगितलं होतं. ती नको म्हणत होती. मी म्हणालो, काही होत नसतं. आणि नंतर दवाखान्यात मी... मी बोललो नाही. सत्तावीस वर्षं बोललो नाही."

"बाबा!" प्रेरणा नारळासकट उठून दारात आली.

 आशाबाईनं दुसरा पायही स्टुलावरून खाली घेतला.

"बघ, म्हणजे दोघांनी मिळून केलं," आवडाबाई म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. तुझी ती पुस्तकं..."

"आक्का, थांब." रामकिसननी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या बहिणीला थांबवलं होतं.  त्यांनी खिशातला कागद काढला, उलगडला आणि चष्म्याशिवायच वाचू लागले, कारण तो त्यांना पाठ होता. "प्रेरणाचा जन्म बारा मार्च. मागं मोजलं, की दिवस राहिले जूनच्या मध्यानंतर. ओठ जुळायचा तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जुळला तर तेव्हा, राहिला तर तेव्हा. आक्का, त्या साली राखीपौर्णिमा दहा ऑगस्टला होती. तू आली होतीस राखी बांधायला. आशाला उलट्या होत होत्या. तू म्हणालीस पित्त झालंय, आणि आल्याचा रस पाजलास. आठवतं?"

आवडाबाईंना आठवत होतं. ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

"त्या दिवशीच ओठ राहिलेला होता. तू माझ्या हाताला राखी बांधत होतीस, तेव्हा. ग्रहण लागलं दिवाळीला, अडीच महिन्यांनी. जो तुकडा आधीच्याच कामात राहिला, त्याचा दोष पुढच्या मशीनवर टाकत नाहीत. कारखान्यात पोरगासुद्धा टाकत नाही. ओठ का राहतो ते डॉक्टरांनाही दर वेळी सांगता येत नाही. पण कातण्यानं नाही राहिला. ग्रहणानं नाही राहिला. हिच्यामुळं नाही राहिला."

बोलणं संपल्यावर ते भिंतीला टेकले.  एवढी वाक्यं एका दमात ते निवृत्तीच्या निरोप समारंभातही बोलले नव्हते.

"कागदावर काय, काहीबी मांडता येतं," आवडाबाई म्हणाल्या, पण आवाजातला जोर थोडा ओसरला होता. "मग तो भर दिवसा काळवंडतो, ते काय उगंच?"

त्यावर रामकिसन तोंड उघडणार, तेवढ्यात आशाबाई पुढं झाली. ती नणंदेसमोर उभी राहिली आणि मनगटातल्या दोन बांगड्या काढू लागली.

"अगं, सणासुदीचं सवाष्णीनं बांगड्या..."

"गप बसा आक्का, घडीभर." हे इतक्या शांतपणे आलं, की आवडाबाई खरोखरच गप्प बसल्या. आशाबाईनं एका बांगडीत दुसरी अडकवली. "ही सूर्याची वाट. ही चंद्राची. जरा कलती हाय. म्हणून दर अवसेला गिराण लागत नाय. या दोन ठिकाणी गाठ पडती, हितं आन् हितं. हे तुमचे राहू-केतू. अवस हितं आली की चंद्र आड येतो. बस. तेवढंच हाय. कुणी कुणाला गिळत नाय, कुणी कुणाचा ओठ कापत नाय." बांगड्या तिच्या बोटांत किणकिणत होत्या. "मला सगळं ठाऊक होतं. त्या सकाळीच ठाऊक झालं होतं. लई नीट सांगितलं होतं यांनी. पण सांगणाराच पळाला, मग मी एकटी कशावर धरून राहणार?"

रामकिसननी मान खाली घातली नाही. घालावीशी वाटली, पण या वेळी त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"तुमच्याशी मी नंतर बोलते," आशाबाई त्यांना म्हणाली. "आधी ते कातणं काढा."

"कुठलं?"

"पेटीत हाय. पट्ट्यांखाली. मला काय माहीत नाय होय?"

ती स्टुलावर परत चढली, खिळ्यांसकट चादर ओढून काढली, तशी भिंतीचा थोडा गिलावाही आला. उजेडानं आवडाबाईंनी डोळ्यांवर हात घेतला. मग आशाबाईनं कणकेचं फडकं उचललं, तुळशीचं पान अलगद काढून देवापुढं ठेवलं, सारणाचा डबा, पोळपाट-लाटणं परातीत घातलं आणि परात कमरेवर घेऊन गच्चीचा जिना चढू लागली. प्रेरणानं नारळ आत्याच्या हातात दिला. "धरा. माझ्या मांडीचं काम झालं."

"किसन! अरे तिला अडव की!"

"मी झारा घेऊन जातो," पेटीतून काढलेलं कातणं खिशात टाकत रामकिसन म्हणाले. "वर बघायचं नाही प्रेरणा, उघड्या डोळ्यांनी अजिबात नाही. डोळे जातात. तेवढं मात्र आक्काचं खरं आहे."

गच्चीवर ऊन आडवं आलं होतं. वाळूजच्या बाजूला सूर्य खाली उतरलेला, आणि आजूबाजूच्या एकाही गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. सगळी पुंडलिकनगरची दारं बंद. रामकिसननी बुंदीचा झारा उन्हात धरला आणि तीन-चार पावलांवरच्या कठड्याच्या पांढऱ्या भिंतीकडं बोट दाखवलं. झाऱ्याला जितकी भोकं, तितके सूर्य भिंतीवर पडले होते. सगळेच्या सगळे एकाच बाजूनं तुटलेले. कालच्या पूजेतल्या बत्ताशांचा कुणीतरी एकेक चावा घेऊन ठेवावा तसे.

"अय्या!" प्रेरणा ओरडली. "बाबा, हलवू नका ना!"

"हात थरथरतो गं माझा."

"मग दोन्ही हातांनी धरा," आशाबाई खाली बसत म्हणाली. "आज तरी."

तिनं पारी लाटली, सारण भरलं, अर्धी दुमडली. मग नवऱ्यानं दिलेलं कातणं हातात घेतलं. पितळ काळं पडलं होतं. तिनं ते पदरानं पुसलं, करंजीच्या कडेला टेकवलं आणि फिरवलं. पहिल्यांदा अडखळलं, चाक आखडलं होतं. तिनं दाब दिला. किरकिर करत कणकेची एक लांब दातेरी पट्टी सुटली. रामकिसनना वाटलं, हा आवाज सगळ्या बंद गल्लीत ऐकू जात असेल. जाऊ दे.

"आई, मला दे," प्रेरणा म्हणाली.

जिन्याखालून आवडाबाईंचा आवाज आला. "किसन, गेला का रे सूर्य?"

"नाय आक्का. अजून हाय," उत्तर आशाबाईनंच दिलं. तिनं कातणं लेकीच्या पुढं केलं होतं, पण अजून सोडलं नव्हतं. नवऱ्याकडं न बघता ती म्हणाली, "उद्या भाऊबीजेला सगळे जमतील. तुमचे भाऊ, जावा, सोयगावची माणसं. तीस-पस्तीस तरी. आत्ता बोललात ते त्यांच्यापुढं उभं राहून बोलायचं. मला नाय सांगायचं, मला कळलं. त्यांना सांगायचं. आधी तुम्ही काय म्हणालात ते, मग तारखा."

रामकिसनच्या डोळ्यांपुढं ती सगळी आली. तीस-पस्तीस माणसं. मधला भाऊ हसेल. कुणीतरी म्हणेल, म्हातारा वाचून वाचून वेडा झाला. भिंतीवरचे बत्तासे थरथरले.

"सांगतो," ते म्हणाले.

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं."

तेव्हा आशाबाईनं कातणं सोडलं. प्रेरणानं पोट सांभाळत मांडी घातली, करंजी हाताखाली ओढली आणि खाली जिन्याच्या पायरीवर कुणाचे तरी गुडघे कुरकुरत वर येताना ऐकू आले, तरी तिनं चाक थांबवलं नाही.